टोमॅटोचे झाड माजते तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्याच इमारतीत राहणारा नववीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. "काका, जरा गच्चीवर येता का? माझे टोमॅटोचे झाड बघायचे आहे."

झाड खरोखर बघण्यासारखे होते. प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंडीत खांद्याएवढे उंच वाढलेले, बुंधा अंगठ्याएवढा जाड, पाने काळपट हिरवी आणि तळहाताहून मोठी. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा निघालेला. गच्चीवर येणारा प्रत्येक जण त्याचे कौतुक करून जात असे. पण टोमॅटो? एकही नाही. चार-दोन फुले दिसत होती आणि तितकीच कुंडीच्या मातीवर गळून पडलेली होती.

"आजी म्हणते, झाड माजलेय," तो म्हणाला, "पण मी तर त्याला काही कमी केले नाही. दर रविवारी चमचाभर युरिया देतो."

आजीचे निदान अगदी बरोबर होते. शेतकऱ्यांच्या बोलीतला हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. झाड नुसते पानांनी वाढते आणि फुलाफळाला येत नाही, तेव्हा ते 'माजले' असे म्हणतात. झाड आजारी नसते, उपाशीही नसते. मग त्याचे बिनसते कोठे? हे समजून घ्यायचे तर आधी खत म्हणजे काय, हेच नीट पाहिले पाहिजे.

दोन औंसांचा हिशेब

आपण सहज बोलून जातो की खत हे झाडाचे अन्न आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चूक दाखवणारा प्रयोग साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. फान हेल्माँट नावाच्या संशोधकाने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेतली, तिच्यात ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती केवळ २ औंस कमी झाली होती. (एका पौंडाचे सोळा औंस होतात.) त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे कार्य तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की पाने सूर्यप्रकाशात हवा आणि पाणी यांपासून शर्करा तयार करतात. झाडाचे अन्न ते हेच आणि ते झाड स्वतःच शिजवते.

मग ते २ औंस? फान हेल्माँटने ते क्षुल्लक मानून सोडून दिले. पण खताची सगळी कथा त्या दोन औंसांतच आहे.

टोमॅटोचेच उदाहरण घेऊ. एक किलो पिकलेल्या टोमॅटोत सुमारे ९४० ते ९५० ग्रॅम पाणीच असते. उरलेल्या पन्नास-साठ ग्रॅमपैकी बहुतेक भाग हवा आणि पाणी यांपासून बनलेला. मातीतून आलेले किती, ते पाहा. पोटॅशियम सुमारे २.४ ग्रॅम, नायट्रोजन सुमारे १.४ ग्रॅम, फॉस्फरस पाव ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम तर अवघे ०.१ ग्रॅम. शेतीच्या पुस्तकांत यांतल्या पहिल्या तिघांना पालाश, नत्र आणि स्फुरद म्हणतात. किलोभर टोमॅटोसाठी मातीने द्यायचे ते एवढेच. खत म्हणजे जेवण नव्हे. आमटीतल्या मिठाची उपमा त्याला जास्त शोभेल. मीठ नसेल तर आमटी बेचव होते, पण मूठभर पडले तर ती तोंडात घालवत नाही.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. टोमॅटोच्या फळात नत्रापेक्षा पालाश जास्त असतो. पालेभाजी आणि फळभाजी यांना एकच खत, एकाच प्रमाणात का चालत नाही, याचे उत्तर येथे आहे. मेथीला जे मानवते त्याने टोमॅटो माजतो.

रविवारचा चमचा

आता त्या मुलाचा हिशेब मांडू. चहाच्या लहान चमच्यात साधारण ४ ग्रॅम युरिया बसतो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, म्हणजे चमच्यामागे सुमारे १.८ ग्रॅम. आठ रविवारचे झाले जवळजवळ १५ ग्रॅम. वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. दहा किलो टोमॅटोत जेवढे नत्र असते, तेवढे त्याने एका कुंडीत ओतले होते! पानाखोडालाही नत्र लागते हे खरे, पण कुंडीतल्या झाडाला फार तर दोन-तीन किलो फळे येतात. शिवाय लावताना घातलेल्या शेणखतातले नत्र होतेच.

या जादा नत्राने झाडाच्या आत काय घडते? पानांनी तयार केलेल्या शर्करेला दोन वाटा असतात. नत्र मुबलक असले की शर्करा त्याच्याशी संयोग पावते, अमिनो आम्ले आणि प्रथिने बनतात आणि त्यांतून नवी पाने, नवे फुटवे निघतात. नवी पाने आली की पुन्हा तोच क्रम. फुलांच्या आणि कोवळ्या फळांच्या वाट्याला शर्करा उरतच नाही, आणि पोसली न गेलेली फुले गळतात.

ही गोष्ट टोमॅटोवरच तपासली गेली होती. अमेरिकेतील ओरेगन कृषी महाविद्यालयात क्राउस आणि क्रेबिल या दोघांनी टोमॅटोची झाडे वेगवेगळ्या प्रमाणात नत्र देऊन वाढवली आणि १९१८ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या झाडांना नत्र भरपूर मिळाले ती पानांनी डवरली, पण फळली नाहीत. ज्यांना फारच थोडे मिळाले ती पिवळी पडून खुरटली. त्यांच्या खोडात पिष्टमय पदार्थ साठून राहिले होते, तरी तीही फळली नाहीत. फळे धरली ती मधल्या झाडांनी. झाडातील शर्करा आणि नत्र यांच्या प्रमाणावर फुले येणे अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. पुढच्या संशोधकांनी या स्पष्टीकरणात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, कारण फुलणे हे इतके साधे प्रकरण नाही. निरीक्षण मात्र आजही कोणत्याही परसात पडताळून पाहता येते. उपाशी झाड आणि माजलेले झाड, दोन्ही सारखीच वांझ, हे मला त्यातले सर्वांत विलक्षण वाटते.

फुले गळाली की प्रत्येक वेळी युरियालाच दोष देऊ नका. रात्रीसुद्धा उकडत असेल तर टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात हा अनुभव अनेकांना येतो. कुंडी दिवसभर सावलीत असली तरी फुले गळतात, कारण तेथे शर्कराच कमी बनते. आधी ऊन किती तास मिळते ते मोजा, मग खताकडे वळा.

आणि झाडाने न घेतलेले नत्र जाते कोठे? मातीतील सूक्ष्मजीवांच्या एका विकरामुळे युरियाचा अमोनिया होतो. मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जीवाणू पायरीपायरीने त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर निचरून जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. दहा ग्रॅम नत्रापासून सुमारे ४४ ग्रॅम नायट्रेट तयार होते. गणित तुम्हीच करा. एका कुंडीतून वाया गेलेले एवढे नत्र जवळजवळ हजार लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. कुंडीच्या जागी एकरभर शेत आणि शेजारी विहीर आहे असे समजा, म्हणजे चमचा मोजून का घ्यायचा ते कळेल.

म्हणूनच मी त्या मुलाला कुंडी पाण्याने धुऊन काढायला सांगितले नाही. युरिया बंद कर, निम्मे फुटवे खुडून टाक आणि साठलेले नत्र झाडालाच वापरू दे, एवढेच सांगितले. ते त्याला फारसे आवडले नाही. काहीतरी द्यायला सांगतील, अशी त्याची अपेक्षा होती.

मग द्यायचे तरी काय?

चांगले कुजलेले शेणखत हा पाया. किलोभर शेणखतात जेमतेम ५ ग्रॅम नत्र असते, म्हणजे तीन लहान चमचे युरियाएवढे. पण ते सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते आणि सूक्ष्मजीव ते सावकाश, काही महिने सोडत राहतात. झाडाला तेच हवे असते. खत कुजले की नाही हे नाकाने ओळखावे. त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास यायला हवा. अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर उलटेच होते. तो कुजवणारे जीवाणू स्वतःसाठी मातीतले नत्र उचलतात आणि झाड पिवळे पडते.

दोन भाग माती आणि एक भाग शेणखत घेऊन कुंडी भरा. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही, म्हणून तो वरून भुरभुरण्यात अर्थ नाही. सुपरफॉस्फेटचा किंवा हाडांच्या चुऱ्याचा एखादा चमचा रोप लावतानाच मुळांच्या खालच्या थरात मिसळावा. यातही मातीचा स्वभाव आड येतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, तर कोकणातल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. शेणखतात मिसळून दिला तर तो दोन्हीकडे थोडा अधिक काळ मोकळा राहतो. चुलीच्या राखेत पालाश असतो, पण ती अल्कधर्मी असते. कोकणातल्या आम्लधर्मी मातीला ती चालते, काळ्या मातीत मात्र हात आखडता घ्यावा.

पहिली फळे गोटीएवढी झाली की झाडाची पालाशाची मागणी वाढते. तेव्हा १५:१५:१५ या मिश्रखताचा अर्धा लहान चमचा पंधरा दिवसांतून एकदा, बुंध्यापासून दूर, ओल्या मातीत मिसळावा. या आकड्यांची एक गंमत सांगतो. पहिले १५ हे खरोखरीच नत्राचे शेकडा प्रमाण असते. दुसरे आणि तिसरे मात्र स्फुरद आणि पालाश यांच्या ऑक्साइडांच्या रूपात मोजण्याची जुनी रीत आहे. शंभर किलो खतात शुद्ध फॉस्फरस सुमारे साडेसहा किलो आणि पोटॅशियम सुमारे साडेबारा किलोच असते. रसायनशास्त्राच्या तासाला अणुभार घेऊन हे आकडे काढून बघा.

कोरड्या मातीत खत कधीही टाकू नका. कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावले की पाणी सुटते ना? मीठ बाहेर दाट झाले की पेशींतले पाणी परासरणाने बाहेर येते. मुळांजवळ खत दाट झाले की मुळांची तीच गत होते. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकते आणि पानांच्या कडा करपतात. जाता जाता एक सावधगिरीची सूचना. युरियाचा डबा गुराढोरांच्या तोंडी लागेल असा ठेवू नका. त्याने जनावर दगावू शकते.

काळे बूड

युरिया थांबवल्यावर तीन-चार आठवड्यांनी झाडाला फुलांचे घोस लागले आणि फळेही धरली. मुलगा खूश झाला. मग तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई सुरू झाली आणि तो घरच्यांबरोबर चार दिवस गावी गेला. परत आला तेव्हा झाड मलूल झाले होते. त्याने घाईघाईने दोन बादल्या पाणी ओतले. झाड सावरले, पण दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा माझ्या दारात. लिंबाएवढ्या हिरव्या टोमॅटोंची बुडे काळी पडून आत बसली होती. जणू कोणी विस्तवाचा चटका दिला होता.

"कीड आहे का, काका?"

कीड नव्हती, बुरशीही नव्हती. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचले नव्हते. हे कळल्यावर त्याने अंड्यांची टरफले कुटून कुंडीत घातली. या उपायावर लोकांची फार श्रद्धा आहे, माझी नाही. एक तर टरफले विरघळायला महिने लागतात. दुसरे असे की आमच्या काळ्या मातीत चुनखडीची मुळीच वाण नाही. किलोभर फळांना कॅल्शियम लागते ते ग्रॅमचा दहावा हिस्सा, हे आपण मघाशी पाहिले. मातीत त्याच्या कितीतरी पट पडलेले असते. मग ते फळात का जात नाही?

कॅल्शियम झाडात फिरते ते फक्त पाण्याच्या ओघाबरोबर. मुळांकडून जलवाहिन्यांतून पाणी वर चढते, कारण पानांच्या पर्णरंध्रांतून ते सतत वाफ होऊन उडत असते. जिकडे बाष्पोच्छ्वास जास्त, तिकडे ओघ जास्त. पानांवर पर्णरंध्रे असंख्य असतात, आणि टोमॅटोच्या गुळगुळीत सालीवर ती नसतातच म्हटले तरी चालेल. त्यामुळे जवळजवळ सगळे कॅल्शियम पाने ओढून घेतात. वाळलेल्या पानात शेकडा एक ते तीन भाग कॅल्शियम सापडते, फळात त्याचा अगदी थोडा अंश. फळ भराभर फुगत असताना चार दिवस पाणी तुटले, तर फळाकडे जाणारा तो बारीकसा ओघही आटतो, आणि देठापासून सर्वांत दूर असलेले बूड आधी उपाशी राहते.

नंतर पाणी मिळाल्यावर पानांतले कॅल्शियम फळाकडे का वळत नाही, असे तुम्ही विचाराल. जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्याने सांधलेल्या असत. कॅल्शियम म्हणजे पेशींच्या भिंती सांधणारा चुनाच. एकदा भिंतीत बसला की तो उकरून दुसऱ्या खोलीला लावता येत नाही. नत्राचे तसे नाही. घरात धान्य कमी पडले की मोठी माणसे आपल्या ताटातले मुलांना वाढतात, तसे झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून नत्र कमी पडले की खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. लोहाची उणीव मात्र शेंड्याच्या नव्या पानांवर दिसते, कारण तेही एकदा बसले की सहसा हलत नाही. झाड पिवळे दिसले की प्रथम पाहायचे ते हेच, पिवळे पान खालचे आहे की शेंड्याचे.

रविवारच्या चमच्याचाही या काळ्या बुडांत वाटा असावा. युरियापासून मातीत अमोनियमचे आयन तयार होतात आणि ते जास्त झाले की मुळे कॅल्शियम कमी घेतात. शिवाय माजलेल्या झाडाचा तो प्रचंड पाला, पाणी ओढून घेणारा.

काळी फळे खुडून टाकायला सांगितली. मातीवर वाळक्या पानांचे चार बोटे आच्छादन घातले आणि रोज सकाळी, ठरावीक वेळी, ठरावीक तांबे पाणी. नवे खत काहीही नाही. पुढच्या घोसातली फळे स्वच्छ निघाली. संक्रांतीच्या आधी त्याने पहिले चार लाल टोमॅटो आजीला दिले आणि पाचवा मला.

पानांची आणि फळाची ही ओढाताण तुम्हाला स्वतः बघता येईल. कडक उन्हाच्या दिवशी सकाळी टोमॅटोच्या एका पानावर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी चढवून तिचे तोंड देठाशी दोऱ्याने बांधा. तशीच दुसरी पिशवी एका हिरव्या फळावर बांधा. दोन-तीन तासांनी दोन्ही पिशव्या आतून पाहा आणि एकीत किती थेंब, दुसरीत किती, ते वहीत लिहून ठेवा. पिशव्या मात्र आठवणीने सोडा, नाहीतर आत पान उकडून निघेल.